गाडीचाही रोजमेळ असावा

रोजमेळात पैचा फरक आला तरी दिवा मालवू न देणारी आपली घरे छोट्या मोटारीविषयी मात्र ‘पंधरा-सोळा देत असेल’ एवढ्यावर समाधान मानतात! कंपनी सांगते तो आकडा पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या संस्थेत, रोलरवर ठरावीक वेगचक्राने मोजलेला. त्यात वणीच्या बाजारपेठेतील खोळंबा नसतो, नांदुरीहून सप्तशृंगगडावर चढणारा घाटही नसतो.

हिशेब सोपा आहे. पंपाच्या नळीचा पहिला खटका पडेपर्यंत टाकी भरावी व मीटरचा आकडा वहीत लिहावा. पुढील वेळी त्याच पंपावर तशीच भरावी. मधले अंतर ४०८ किलोमीटर व दुसऱ्या वेळचे पेट्रोल २४ लिटर असेल, तर सरासरी १७. एका भरण्यावर विसंबू नये. चार-पाच नोंदींनंतरच गाडीचा खरा स्वभाव कळतो.

टायरमधील हवा सकाळी, चाके थंड असताना तपासावी. डिकीत महिनोन्‌महिने फिरणारे नमुन्यांचे खोके उतरवावेत.

गड उतरताना गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवण्याची सवय मात्र दुहेरी तोट्याची. आजच्या इंजेक्शन पद्धतीच्या गाडीत गिअर ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, की इंजिनाचा पेट्रोलपुरवठाच बंद होतो. न्यूट्रलमध्ये तो चालू राहतो. शिवाय इंजिनाचा अटकाव सुटल्याने सारा भार ब्रेकवर पडतो, ते तापतात, आणि वळणावर दगा देऊ शकतात. मागच्या आसनावर आजी आणि नातवंडे असतात.