चित्रपटनिर्मितीतील पडद्यामागील कामे

चित्रपटनिर्मितीतील पडद्यामागील कामे म्हणजे कथापट तयार होत असताना कॅमेऱ्यासमोर न येता केली जाणारी सर्व कलात्मक, तांत्रिक, व्यवस्थापकीय आणि श्रमाची कामे. ही कामे करणाऱ्या समूहास मराठीत ‘चमू’ किंवा रूढ शब्दात ‘युनिट’ असे म्हणतात. प्रेक्षकांना कलाकारांची आणि फार तर दिग्दर्शक व संगीतकार यांची नावे ठाऊक असतात. प्रत्यक्षात एका कथापटामागे अनेकदा शंभराहून अधिक माणसांचे श्रम असतात. त्यांची नावे चित्रपटाच्या आरंभी किंवा शेवटी येणाऱ्या श्रेयनामावलीत दिली जातात.

इतिहास

भारतातील पहिला पूर्ण लांबीचा कथापट मानला जाणारा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावातील कॉरोनेशन चित्रपटगृहात सर्वसामान्य प्रेक्षकांसाठी प्रदर्शित झाला. त्या वेळी कामांची आजच्यासारखी विभागणी नव्हती. निर्माता, लेखक, दिग्दर्शक आणि रसायनशाळेतील तंत्रज्ञ या साऱ्या भूमिका दादासाहेब फाळके यांनी एकट्याने पार पाडल्या. कॅमेरा त्र्यंबक तेलंग यांनी हाताळला. फाळके यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी कच्च्या फितीला छिद्रे पाडणे, रसायने मिसळणे, उन्हाचा प्रकाश परावर्तित करण्यासाठी पांढऱ्या चादरी धरून उभे राहणे अशी कामे केली. शिवाय चमूचा रोजचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच होता. आजच्या परिभाषेत सांगायचे तर प्रयोगशाळा तंत्रज्ञ, प्रकाश सहाय्यक आणि भोजन व्यवस्थापक ही तीन पदे त्या एकट्याच सांभाळत होत्या. तारामतीची भूमिका करणारे अण्णा साळुंके मूळचे एका खाणावळीतील आचारी होते. पुढे त्यांनी छायाचित्रणाचेही काम केले.

कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत कामांच्या विभागणीला अधिक स्पष्ट रूप आले. पेंटर स्वतः चित्रकार असल्याने रंगवलेल्या पडद्यांऐवजी खोली असलेले नेपथ्य, विचारपूर्वक केलेली वेशभूषा आणि चित्रपटाची जाहिरातचित्रे यांना त्यांनी महत्त्व दिले. याच कंपनीत तयार झालेल्या व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल आणि केशवराव धायबर यांनी सीतारामपंत कुलकर्णी यांच्या आर्थिक साहाय्याने १९२९ मध्ये कोल्हापूर येथे प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. शांताराम दिग्दर्शन, दामले ध्वनी, फत्तेलाल कलादिग्दर्शन, धायबर छायाचित्रण आणि कुलकर्णी हिशेब व व्यवहार पाहत. म्हणजे भागीदारांची रचनाच चित्रपटाच्या प्रमुख विभागांप्रमाणे होती.

प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) हा पहिला मराठी बोलपट होय. त्याची कथा पुन्हा हरिश्चंद्राचीच होती. मात्र एकोणीस वर्षांत चमूमध्ये ध्वनिमुद्रक, संवादलेखक आणि वादक यांची भर पडली होती. १९३३ मध्ये कंपनी पुण्यास हलली. तेथे तयार झालेला ‘संत तुकाराम’ (१९३६) व्हेनिस येथील महोत्सवात गौरवला गेला. हा चित्रपट दामले आणि फत्तेलाल, म्हणजे एक ध्वनितज्ज्ञ आणि एक कलादिग्दर्शक, यांनी दिग्दर्शित केला होता. प्रभातच्या पुण्यातील वास्तूतच १९६० मध्ये सध्याच्या भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्थेची स्थापना झाली.

निर्मितीपूर्व टप्पा

चित्रपटनिर्मितीचे साधारणतः तीन टप्पे पाडले जातात: निर्मितीपूर्व तयारी, चित्रीकरण आणि निर्मितीोत्तर संस्करण.

पहिल्या टप्प्यात निर्माता पैसा उभा करतो आणि जोखीम पत्करतो. कार्यकारी निर्माता व निर्मिती व्यवस्थापक अंदाजपत्रक आखतात, परवानग्या मिळवतात आणि माणसे ठरवतात. पटकथालेखक कथेची दृश्यांत मांडणी करतो. संवादलेखक प्रत्येक पात्राला त्याची भाषा देतो. मराठीत हे काम विशेष जोखमीचे आहे. मराठवाड्यातील पात्राच्या तोंडी कोल्हापुरी किंवा पुणेरी वळणाची भाषा आली, तर तेथील प्रेक्षक पहिल्या वाक्यालाच दुरावतो. त्यामुळे काही चित्रपटांत बोलीभाषेसाठी स्वतंत्र मार्गदर्शक नेमला जातो.

पटकथा हाती आल्यावर प्रमुख सहाय्यक दिग्दर्शक तिची फोड करतो. कोणत्या दृश्यात कोणते कलाकार, कोणती वस्तू, कोणते स्थळ आणि दिवसाची कोणती वेळ लागेल, याची तपशीलवार यादी तयार होते. एकाच स्थळावरची सर्व दृश्ये एकत्र करून चित्रीकरणाचे वेळापत्रक ठरते. म्हणूनच चित्रपटाचा शेवट पहिल्याच दिवशी चित्रित होणे ही नेहमीची गोष्ट आहे.

चित्रीकरणाचा टप्पा

चित्रीकरणाच्या वेळी चमू विभागांत काम करतो. पुढील विभाग प्रमुख आहेत.

दिग्दर्शन विभाग: दिग्दर्शकाच्या हाताखाली अनेक सहाय्यक असतात. पहिला सहाय्यक वेळ आणि शिस्त सांभाळतो. दुसरा पाटी, म्हणजे क्लॅप, देतो. पाटीवर दृश्य, चित्रखंड आणि प्रयत्न यांचे क्रमांक असतात. ती आपटल्याचा आवाज आणि तिचे चित्र जुळवून संकलक पुढे ध्वनी व दृश्य एकत्र बसवतो. सातत्य पाहणारा सहाय्यक कपड्यांवरचा डाग, पेल्यातील पाण्याची पातळी, कपाळावरचे कुंकू अशा गोष्टींची नोंद ठेवतो. दृश्ये क्रमाने चित्रित होत नसल्याने या नोंदी चुकल्यास एकाच प्रसंगात जखम उजव्या हातावरून डाव्या हातावर गेलेली दिसते.

छायाचित्रण विभाग: छायालेखक चौकट आणि प्रकाश ठरवतो. कॅमेऱ्याची केंद्ररेषा पात्राच्या हालचालीबरोबर अचूक बदलणाऱ्या सहाय्यकास ‘फोकस पुलर’ म्हणतात. एक-दोन इंचांची चूक झाली तरी चेहरा धूसर होतो आणि उत्तम अभिनय वाया जातो. ‘गॅफर’ हा प्रकाशयोजनेतील मुख्य तंत्रज्ञ असतो. त्याच्या सूचनेनुसार लाइटमन जड दिवे उचलतात, तारा टाकतात व उंचावर चढून दिवे बांधतात. कॅमेरा सरकवण्यासाठीचे रूळ, गाडी आणि क्रेन ‘ग्रिप’ विभागाकडे असतात.

ध्वनी विभाग: चित्रीकरणाच्या वेळीच मूळ संवाद मुद्रित करण्याच्या पद्धतीस ‘सिंक साउंड’ म्हणतात. यात लांब दांडीला बांधलेला ध्वनिग्राहक चौकटीबाहेर, पण बोलणाऱ्याच्या शक्य तितका जवळ धरणारा सहाय्यक महत्त्वाचा असतो. हिंदी चित्रपटांत अनेक दशके संवाद नंतर स्टुडिओत पुन्हा बोलून घेण्याची पद्धत रूढ होती. ‘लगान’ (२००१) या चित्रपटानंतर मूळ ध्वनीच्या पद्धतीकडे पुन्हा लक्ष वेधले गेले.

कला, वेशभूषा आणि रंगभूषा: कलादिग्दर्शक चित्रपटातील दृश्यविश्व उभे करतो. त्याच्या हाताखाली सुतार, रंगारी, मूर्तिकार आणि वस्तू जमवणारे सहाय्यक काम करतात. नितीन चंद्रकांत देसाई यांना ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’, ‘हम दिल दे चुके सनम’, ‘लगान’ आणि ‘देवदास’ या चित्रपटांच्या कलादिग्दर्शनासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. वेशभूषेच्या क्षेत्रात कोल्हापुरात जन्मलेल्या भानू अथैया यांनी ‘गांधी’ (१९८२) चित्रपटासाठी जॉन मोलो यांच्यासह १९८३ मध्ये ऑस्कर मिळवले. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय होत. रंगभूषाकार विक्रम गायकवाड यांना त्यांच्या कामासाठी अनेक वेळा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

निर्मिती विभाग आणि स्पॉटबॉय: चहा, पाणी, जेवण, खुर्च्या, छत्र्या, वाहने आणि निवास यांची व्यवस्था या विभागाकडे असते. भारतीय चित्रपटसृष्टीत ‘स्पॉटबॉय’ किंवा ‘स्पॉट दादा’ हे स्वतंत्र पद आहे. सेटवर सर्वांत आधी येणाऱ्या आणि सर्वांत शेवटी जाणाऱ्या माणसांत त्यांचा समावेश होतो.

ग्रामीण स्थळावरील चित्रीकरण: एक उदाहरण

जालना जिल्ह्यातील एखाद्या गावी मोसंबीच्या बागेत पाच मिनिटांचा प्रसंग चित्रित करायचा आहे, असे मानले तर या विभागांचे परस्परावलंबन स्पष्ट होते. स्थळ व्यवस्थापकास बागेच्या मालकाची आणि ग्रामपंचायतीची परवानगी घ्यावी लागते. फळे तोडणीआधी हवी असतील तर वेळापत्रक हंगामानुसार आखावे लागते. वीज अखंड मिळण्यासाठी जनित्र आणावे लागते, परंतु त्याचा आवाज मुद्रणात येऊ नये म्हणून ते लांब ठेवावे लागते. त्यामुळे लाइटमनना तितक्याच लांब तारा ओढाव्या लागतात. शेजारच्या विहिरीवरील मोटर आणि पिठाची गिरणी काही वेळ बंद ठेवण्याची विनंती करणे, हेही निर्मिती विभागाचे काम ठरते. मे महिन्याच्या उन्हात दुपारी सावल्या कठोर पडतात. म्हणून छायालेखक सकाळची आणि सायंकाळची वेळ मागतो, तर निर्मिती व्यवस्थापकास दिवसाचा खर्च दिसत असतो. या दोहोंचा मेळ प्रमुख सहाय्यक दिग्दर्शक घालतो. प्रेक्षकांना मात्र केवळ बागेत बोलणारी दोन माणसे दिसतात.

निर्मितीोत्तर टप्पा

चित्रीकरणानंतर संकलक उपलब्ध चित्रखंडांतून प्रसंग रचतो. दृश्य कोठे सुरू करावे, कोठे थांबावे आणि कोणाचा चेहरा दाखवावा, हे निर्णय चित्रपटाची लय ठरवतात. ‘सैराट’ (२०१६) चे संकलन कुतुब इनामदार यांनी आणि छायाचित्रण सुधाकर रेड्डी यक्कंटी यांनी केले होते. अखेरच्या प्रसंगात पार्श्वसंगीत वा ध्वनी जवळजवळ पूर्ण थांबवण्याचा निर्णय तर शांततेलाही आरेखनाची गरज असते याचे उदाहरण म्हणून सांगितला जातो.

ध्वनिआरेखक वातावरणातील आवाजांची रचना करतो. पावलांचे, बांगड्यांचे, दार लोटल्याचे आवाज स्टुडिओत निरनिराळ्या वस्तू वापरून पुन्हा निर्माण करणाऱ्या कलावंतास ‘फोली कलाकार’ म्हणतात. संवाद, संगीत आणि इतर आवाज यांचे प्रमाण मिश्रणतज्ज्ञ ठरवतो. रंगसंस्करण करणारा तंत्रज्ञ वेगवेगळ्या दिवशी टिपलेल्या दृश्यांच्या रंगछटा एकसारख्या करतो. संगणकीय दृक्‌परिणाम, उपशीर्षके आणि प्रसिद्धी यांची कामे याच टप्प्यात येतात.

कामगारांचे हक्क आणि संघटना

पडद्यामागील बहुसंख्य कामे रोजंदारी किंवा चित्रपटापुरत्या कराराची असतात. कामाचे लांबलेले तास, थकलेले मानधन आणि उंचावर किंवा विजेजवळ काम करताना होणारे अपघात हे या क्षेत्रातील जुने प्रश्न आहेत. संसदेने १९८१ मध्ये चित्रपट कामगार व चित्रपटगृह कामगार (रोजगार नियमन) अधिनियम संमत केला. त्यानुसार कथापटातील कामगाराशी लेखी करार करणे बंधनकारक झाले. त्याच वर्षी कामगार कल्याण निधीचा कायदाही झाला. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत या कामगारांचा समावेश ‘दृक्‌श्राव्य कामगार’ या अधिक व्यापक संज्ञेत करण्यात आला. मुंबईत विविध कामांच्या संघटनांचा महासंघ असून मराठी चित्रपटक्षेत्रासाठी अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळ ही कोल्हापूर येथे मुख्यालय असलेली संस्था कार्यरत आहे.

संघटनांचे नियम नेहमीच न्याय्य होते असे नाही. मुंबईतील चित्रपटक्षेत्रात स्त्रियांना केशभूषाकार म्हणून सदस्यत्व मिळे, परंतु रंगभूषाकार म्हणून नाकारले जाई. राज्यात पाच वर्षे वास्तव्य असण्याचीही अट होती. चारू खुराना विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १० नोव्हेंबर २०१४ रोजी या दोन्ही अटी घटनाविरोधी ठरवल्या. पहिल्या कथापटाच्या फितीला छिद्रे पाडणारी व्यक्ती स्त्री होती. त्यानंतर शंभर वर्षे लोटल्यावर हा निर्णय झाला, ही बाब लक्षणीय आहे.

श्रेयनामावली

श्रेयनामावली हा पडद्यामागील कामगाराच्या कामाचा जाहीर पुरावा होय. पुढील काम मिळवताना त्याला तीच दाखवता येते. जुन्या चित्रपटांत केवळ विभागप्रमुखांची नावे येत. सुतार, शिंपी, लाइटमन, आचारी यांची नावे बहुधा नोंदलीच गेली नाहीत, त्यामुळे त्यांच्या कार्याचा इतिहास लिहिणे आज अवघड झाले आहे. अलीकडच्या चित्रपटांत वाहनचालक आणि स्पॉटबॉय यांच्यापर्यंत सर्वांची नावे देण्याची प्रथा वाढली आहे. मात्र चित्रपटगृहांत ही नावे सुरू होताच दिवे लागतात आणि दूरचित्रवाणीवर ती अनेकदा कापली जातात.