थोडी माणसे, पुष्कळ पाखरे

पौषातील पहाट. निफाड तालुक्याची थंडी नावाजलेली. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नोंदलेला तापमानाचा आकडा वृत्तपत्रात वाचला की उभा महाराष्ट्र अंगावरची शाल जरा अधिक ओढून घेतो. द्राक्षबागायतदार घडांना कडाक्यापासून जपण्यासाठी बागेत शेकोट्या पेटवून बसलेले असतात. अशा वेळी चापडगावच्या वाटेने सात-आठ माणसे एकामागोमाग एक, न बोलता चाललेली दिसतात. कोणी निवृत्त शिक्षक, कोणी औषधविक्रेता, कोणी गृहिणी, कोणी महाविद्यालयीन मुलगी. प्रत्येकाच्या गळ्यात कॅमेरा असतो आणि पुढे गावातीलच एक मार्गदर्शक असतो. ही मंडळी छायाचित्रणाच्या कार्यशाळेसाठी नांदूर मधमेश्वरला आलेली असतात.

हौसेने कॅमेरा घेणारी घरे आता पुष्कळ झाली. कॅमेरा घेतल्यावर तो वापरायचा कसा, हा प्रश्न उरतोच. त्यासाठी लहान गटाच्या कार्यशाळा आणि छायाचित्रण-सहली निघतात. मुंबईत १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीसारख्या संस्था निसर्गाच्या अभ्यासासाठी शिबिरे व भ्रमंती योजतात, तर अनेक अनुभवी छायाचित्रकार स्वतंत्रपणे असे गट नेतात. या सहलींत नाव नोंदवण्यापूर्वी काय पाहावे आणि काय विचारावे, हे समजण्यास नांदूर मधमेश्वरसारखे ठिकाण नाही.

बंधाऱ्याने घडवलेले पाणथळ

गोदावरी आणि कादवा यांच्या संगमानजीक विसाव्या शतकाच्या आरंभी दगडी बंधारा उभा राहिला. गोदावरीच्या उजव्या व डाव्या कालव्यांना पाणी मिळावे, हा त्याचा हेतू. पुढे दर पावसाळ्यात वाहून आलेला गाळ बंधाऱ्यामागे साचत गेला. त्यातून उथळ पाणी, चिखलाची बेटे, गवताळ काठ आणि दलदल तयार झाली. शेतीसाठी अडवलेल्या पाण्यावर पाखरांचे गाव वसले. १९८६ साली ते अभयारण्य झाले. जानेवारी २०२० मध्ये रामसर यादीतील त्याचा समावेश जाहीर झाला आणि महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ होण्याचा मान निफाड तालुक्याला मिळाला. इराणमधील रामसर या शहरी १९७१ मध्ये झालेल्या कराराने जगातील महत्त्वाच्या पाणथळ जागांची ही यादी सुरू झाली.

येथे दोनशेहून अधिक जातींचे पक्षी नोंदले गेले आहेत. हिवाळ्यात थापट्या, तलवार बदक, चक्रवाक असे पाहुणे उत्तरेकडून येतात. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब उतरतात, आणि क्रौंचांचे थवे हरभऱ्याच्या शेतांत चरताना दिसतात. बारमाही वस्तीला जांभळी पाणकोंबडी, हळदी-कुंकू बदक, शेकाट्या, शराटी आणि नदी सुरय असतात. चापडगावच्या बाजूस निरीक्षण मनोरे आहेत. गावातील तरुण मार्गदर्शक म्हणून काम करतात आणि पक्ष्यांची नावे मराठीत व इंग्रजीत सांगतात.

गट लहान का असावा?

मनोऱ्यावर पन्नास माणसे चढली तर कोणालाच नीट दिसत नाही, हे कारण तर आहेच. पण त्याहून मोठे कारण पाण्यात बसलेले असते. माणूस किती जवळ आल्यावर उडायचे, याचे प्रत्येक पक्ष्याचे एक अंतर असते. ते जातीगणिक बदलते, आणि समोर येणारी माणसे किती आहेत, कशी हालचाल करतात, यावरही अवलंबून असते. उडण्यापूर्वी पक्षी इशारा देतो. तो चरणे थांबवतो, मान ताठ करतो, अंगाची दिशा बदलतो, हळूहळू दूर सरकतो. नवख्या डोळ्याला हे दिसत नाही, आणि पन्नासांच्या घोळक्यात ते कोणी कोणाला दाखवूही शकत नाही. आठ जणांच्या गटात मात्र मार्गदर्शकाने नुसता हात वर केला की सारे जागच्या जागी थांबतात.

मग खरी परीक्षा सुरू होते. सूर्य पाठीशी आहे, धुके विरत आहे आणि समोर क्रौंचांची जोडी आहे. आणखी वीस पावले पुढे गेलो तर चौकट भरून चित्र मिळेल, हे प्रत्येकाला कळत असते. पण क्रौंचाची मान वर झालेली असते. चांगला शिक्षक अशा वेळी गटाला खाली बसवतो. दहा मिनिटांनी पक्षी पुन्हा चरू लागला तर चित्र मिळते. नाहीच लागला तर गट आल्या वाटेने मागे फिरतो. हजारो किलोमीटरचा प्रवास करून आलेल्या पक्ष्याला परतीच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवायची असते. दिवसातून पाच-सहा गटांनी त्याला उडवले, तर त्याची तेवढी शक्ती वाया जाते आणि चरण्याचा वेळही बुडतो. दूरचे चित्र घेऊन समाधान मानणे हा या अभ्यासक्रमाचा पहिला धडा होय.

बाकीचे धडे त्यामानाने सोपे आहेत. उडत्या पक्ष्यासाठी शटरचा वेग सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाच्या आसपास ठेवावा. पक्ष्याचा डोळा स्पष्ट आला पाहिजे. उन्हात पांढरा बगळा टिपताना प्रकाश किंचित कमी करावा, नाहीतर त्याची पिसे कोऱ्या कागदासारखी दिसतात. धुक्यात उलट थोडा वाढवावा. शक्य तितके खाली बसून पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवरून चित्र घ्यावे. मोठी लेन्स नसेल तर खंत नको. टेलिस्कोपच्या काचेला मोबाइल लावूनही नोंदीपुरते चित्र निघते. आणि पाणकोंबडीच्या चित्रात तिच्याभोवतीचे पाणी, जलपर्णी आणि मागचा ऊस आला, तर ते निफाडचे चित्र होते.

पायाखालची अंडी

उन्हाळ्याकडे दिवस झुकले की नवा प्रश्न उभा राहतो. टिटवी, शेकाट्या, नदी सुरय यांची घरटी झाडावर नसतात. उघड्या जमिनीवर, खड्यांत, वाळूत त्यांची अंडी असतात आणि ती खड्यांसारखीच दिसतात. कॅमेऱ्याला डोळा लावून मागे-पुढे सरकणाऱ्या माणसाचा पाय त्यांवर पडणे अगदी सहज शक्य असते. चार हात जमीन पाहून चालावे, ही ईर्यासमितीची शिकवण येथे शब्दशः लागू पडते. घरट्यावरून आई उठली की उन्हाने अंडी तापतात आणि कावळा टपलेलाच असतो. म्हणून जाणती मंडळी घरट्याचे छायाचित्र घेतच नाहीत.

कायदाही याच बाजूचा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या केवळ मारण्यापुरती नाही. पक्ष्यांची अंडी वा घरटी यांना धक्का लावणे हेही त्या व्याख्येत येते. छायाचित्रकारांच्या बोलीतील ‘शूट’ हा शब्द बंदुकीकडून आलेला आहे, याची आठवण येथे ठेवणे बरे.

पैसे भरण्यापूर्वी

सर्व सहली सारख्या नसतात. जवळचे, ‘हमखास’ चित्र मिळवून देण्याचे आश्वासन काही ठिकाणी दिले जाते आणि ते पाळण्यासाठी आमिष वापरले जाते. शिकारी पक्षी किंवा खंड्या ठरलेल्या फांदीवर यावा म्हणून जिवंत मासे, किडे, क्वचित उंदीरही ठेवले जातात. जोडीदाराच्या वा प्रतिस्पर्ध्याच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण वाजवून विणीच्या काळात पक्ष्याला बाहेर काढले जाते. सहलीला आलेल्याला अनेकदा याची कल्पनाही नसते. त्याला फक्त सुंदर चित्र मिळते.

जैन घरांना हे समजावून सांगावे लागू नये. हिंसा करणे, करविणे आणि तिला अनुमोदन देणे, या तिन्हींचा विचार आपल्याकडे लहानपणापासून ऐकवला जातो. मासा टाकणारा हात दुसऱ्याचा असला, तरी त्या फांदीसमोर बसण्याचे शुल्क आपण भरलेले असते. म्हणून नाव नोंदवण्यापूर्वीच स्पष्ट विचारावे: गटात किती जण आणि शिकवणारे किती? आमिष किंवा ध्वनिमुद्रण वापरता काय? घरट्यांपाशी नेता काय? अभयारण्यात प्रवेशाची व छायाचित्रणाची परवानगी रीतसर घेता काय? स्थानिक मार्गदर्शक सोबत असतो काय? या शेवटच्या प्रश्नाचे मोल मोठे आहे. पाखरांमुळे गावातील तरुणाला मिळकत होते, तेव्हा त्या पाखरांना गावातच राखणदार मिळतो. सरळ उत्तरे देणाऱ्याकडे जावे. ‘ते आमच्यावर सोडा’ म्हणणाऱ्याकडे जाऊ नये.

लहान गटाची आणखी एक सोय आपल्या घरांना विशेष जाणवते. पहाटेचा प्रकाश आणि नवकारशी यांचे चांगले जमते. सूर्योदयानंतरच्या ४८ मिनिटांत हात कॅमेऱ्यात गुंतलेले असतात आणि नंतर न्याहारी होते. अडचण संध्याकाळी येते. हिवाळ्यात येथे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, आणि उत्तम प्रकाशाचा तो शेवटचा तास हाच चौविहार करणाऱ्यांच्या भोजनाचा असतो. मोठ्या सहलीत वेळापत्रक एका माणसासाठी हलत नाही. सात-आठ जणांत मात्र आधी सांगितले की साडेचारला डबा उघडता येतो आणि कंदमुळाविना स्वयंपाक गावातील एखाद्या घरीही सांगता येतो. वडीलधाऱ्यांना बसण्यासाठी घडीचे स्टूल, कानटोपी, पाण्याची बाटली आणि मातकट रंगाचे कपडे एवढी तयारी पुरते.

परतताना

दुपारी सावलीत बसून सकाळची चित्रे पाहण्याचा कार्यक्रम असतो. हजारभर चित्रांतून दहा निवडायची आणि उरलेली पुसून टाकायची. नवख्याला हे जड जाते. ‘राहू द्या, कधीतरी उपयोगी पडेल’ असे प्रत्येकाला वाटते. शिक्षक एकेका चित्रापाशी थांबून विचारतो, ‘हा पक्षी येथे काय करतो आहे?’ चरणारा, पिसे साफ करणारा, पिलाला भरवणारा पक्षी चित्रात असेल तर ते ठेवावे. ज्यात पक्षी केवळ आपल्यापासून दूर पळतो आहे, ते पुसावे. या एका प्रश्नाने अनेकांची कार्डे जवळजवळ रिकामी होतात.

संध्याकाळी बंधाऱ्याच्या बाजूने थवे परत येऊ लागतात. कॅमेरे तोवर पिशव्यांत गेलेले असतात. गट काठावर बसून असतो, आणि पाण्यावर उतरणाऱ्या बदकांची संख्या मोजण्याचा प्रयत्न करणारी मुलगी शंभरच्या पुढे गेल्यावर मोजणे सोडून नुसती पाहत राहते.