नौकाविहार आणि नदीची पातळी

कोकणातील बहुतेक नद्यांचे पाणी उन्हाळ्यात ओसरते. रायगड जिल्ह्यातील कुंडलिका मात्र वाहती राहते. मुळशी धरणाचे पाणी भिरा येथील जलविद्युत केंद्रात वीज निर्माण करून याच नदीत उतरते. हे केंद्र १९२७ मध्ये सुरू झाले. कोलाडचा नौकाविहार या पाण्यावरच अवलंबून आहे. पाणी सोडले की पात्र भरते. थांबविले की खडक उघडे पडतात.

म्हणूनच स्थळ निवडताना केवळ संथ दिसणाऱ्या पाण्यावर विसंबू नये. पाणी उथळ असल्यास लहान होडी खडकावर आदळते. फार चढल्यास काठच्या झाडांत अडकून उलटते. बंधाऱ्याखाली घुसळणारे पाणी तर पट्टीच्या पोहणाऱ्यालाही सोडत नाही.

विद्यार्थ्यांना नेण्यापूर्वी पाणी सोडण्याच्या वेळा संबंधित केंद्राकडून वा धरणावरून विचारून घ्याव्यात. काठच्या खडकावर खूण करून पाणी चढते की उतरते, हे पाहावे. पाणी एकाएकी गढुळले, काडीकचरा वाहू लागला, तर तत्काळ काठ गाठावा. पुराच्या दिवसांत होडी पाण्यात घालूच नये. जीवरक्षक जाकीट प्रत्येकाच्या अंगावर असावे.

ग्रामपंचायतीने स्थानिक नावाडी व मच्छीमार यांच्या सल्ल्याने उताराजवळ मोजपट्टीचा खांब रोवून त्यावर धोक्याची रेषा रंगविल्यास, अल्प खर्चात अनेकांचे प्राण वाचू शकतील.