स्वदेशाची भेट आणि पोलिसांचा दाखला

परदेशीं कायमचें वास्तव्य करूं इच्छिणाऱ्या मनुष्यास अनेक दाखले जमवावे लागतात. जन्माचा, विवाहाचा, शिक्षणाचा, नोकरीचा असे ते नाना प्रकारचे असतात. त्यांतील बहुतेक दाखले एकदां हातीं आले कीं कायमचे झाले. कारण जन्मतारीख बदलत नाहीं आणि मिळविलेली पदवी कालांतरानें नाहींशी होत नाहीं. पोलिसांच्या दाखल्याची गोष्ट मात्र निराळी आहे. अमुक मनुष्याविरुद्ध अमुक तारखेपर्यंत प्रतिकूल नोंद आढळली नाहीं, एवढीच ग्वाही तो देतो. त्या तारखेनंतरच्या काळाविषयीं त्याला कांहींच सांगतां येत नाहीं. म्हणून दाखला घेतल्यानंतर अर्जदार पुन्हां त्याच देशांत जाऊन आला, तर आधींची ग्वाही अपुरी पडते काय, असा प्रश्न साहजिकच उत्पन्न होतो.

हा प्रश्न वरवर पाहतां केवळ कागदाचा वाटतो. परंतु त्याचे परिणाम संसारापर्यंत पोंचतात. अर्जाचा निकाल लागण्यापूर्वी घरीं गेल्यास पोलिसांचा दाखला फुकट जाईल, या समजुतीनें परदेशांत राहणारा मुलगा भावाच्या लग्नास मुकतो. आजारी आईची भेट पुढें ढकलतो. उलटपक्षीं दुसरा कोणी जुन्याच दाखल्यावर विसंबून राहतो, आणि ऐन वेळीं त्याचा अर्ज अपुरा ठरून परत येतो. या भीतीचें आणि या बेफिकिरीचें मूळ एकच आहे. दाखल्याची मुदत सर्व ठिकाणीं सारखी असते, असा दोघांचाहि समज असतो. वस्तुतः ज्या देशापुढें दाखला ठेवावयाचा, तो देश ती मुदत ठरवितो; आणि प्रत्येक देशाची मोजण्याची रीत भिन्न आहे.

प्रथम हा दाखला मिळतो कोठें तें पाहिलें पाहिजे. भारतांत तो ‘पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट’ अथवा थोडक्यांत ‘पी. सी. सी.’ या नांवानें ओळखला जातो. नांवांत पोलीस असले तरी परदेशीं स्थायिक होण्यासाठीं लागणारा हा दाखला पासपोर्ट कचेरी देते. अर्जदारानें पासपोर्ट सेवा केंद्रांत अर्ज करावयाचा. पोलीस त्याच्या पत्त्याची व नोंदींची चौकशी करून अहवाल पाठवितात, आणि त्यावरून पासपोर्ट कचेरी दाखला तयार करते. २८ सप्टेंबर २०२२ पासून टपाल कचेऱ्यांतील पासपोर्ट सेवा केंद्रांतहि या अर्जाची सोय झाली आहे. परदेशांत राहणाऱ्या भारतीयास तेथील भारतीय वकिलातीमार्फत हाच दाखला मागतां येतो. त्यासाठीं विमानानें घरीं येण्याचें कारण नाहीं. महाराष्ट्र पोलीस नोकरीसाठीं चारित्र्य-पडताळणीचें जें प्रमाणपत्र देतात, तें मात्र याहून वेगळें आहे. एकाच्या जागीं दुसरें जोडून चालत नाहीं.

आतां मूळ प्रश्नाकडे वळावें. कॅनडाचा नियम या बाबतींत सर्वांत बोधप्रद आहे. कारण ‘राहणें’ आणि ‘भेट देणें’ यांतील भेद त्यानें स्पष्टपणें केला आहे. गेल्या १० वर्षांत, वयाचीं १८ वर्षें पूर्ण झाल्यानंतर, अर्जदार ज्या ज्या देशांत सलग ६ महिने वा त्याहून अधिक काळ राहिला असेल, त्या त्या देशाचा दाखला कॅनडा मागतो. खुद्द कॅनडांतील वास्तव्याबद्दल असा दाखला द्यावा लागत नाहीं. दाखल्याच्या तारखेविषयीं दोन कसोट्या आहेत. अर्जदार सध्यां ज्या देशांत राहतो, तेथील दाखला अर्ज सादर करण्यापूर्वीच्या ६ महिन्यांच्या आंतील असला पाहिजे. ज्या देशांत तो पूर्वी राहत होता, तेथील दाखला त्या देशांतील शेवटचें वास्तव्य संपल्यानंतरचा असला पाहिजे. या दुसऱ्या कसोटींत महिन्यांची मर्यादा नाहीं.

उदाहरणानें हें अधिक स्पष्ट होईल. समजा, एका तरुणानें ऑगस्ट २०२१ मध्यें पुणें सोडलें आणि तो शिक्षणासाठीं कॅनडास गेला. मार्च २०२४ मध्यें त्यानें तेथील भारतीय वकिलातीमार्फत दाखला घेतला. डिसेंबरांत तो पांच आठवडे पुण्यास येऊन आईवडिलांना भेटून गेला, आणि फेब्रुवारी २०२५ मध्यें त्यानें कायम वास्तव्याचा अर्ज केला. त्याचा दाखला अकरा महिन्यांचा जुना आहे आणि मध्यंतरीं तो भारतांत येऊनहि गेला आहे. तरीसुद्धां तो दाखला चालतो. पुण्याचें त्याचें बिऱ्हाड २०२१ मध्येंच उठलें होतें. डिसेंबरांत तो पाहुणा म्हणून आला होता, आणि पांच आठवड्यांचा पाहुणचार म्हणजे सहा महिन्यांचें वास्तव्य नव्हे.

परंतु याच तरुणानें वडिलांच्या दुखण्यामुळें पुण्यास सलग सात महिने मुक्काम केला असता, तर गोष्ट पालटली असती. त्याच्या मनानें ती भेटच असली, तरी नियमाच्या मापानें तें नवें वास्तव्य झालें. आणि त्याच्या अखेरीनंतरचा नवा दाखला त्यास घ्यावा लागला असता. आणखी एक चूक विद्यार्थ्यांच्या हातून वारंवार होते. मे महिन्यांत, घरीं राहत असतांना, दाखला काढावयाचा. ऑगस्टांत देश सोडावयाचा. आणि पुढें तीन वर्षांनीं तोच दाखला कायम वास्तव्याच्या अर्जास जोडावयाचा! हा दाखला वास्तव्य संपण्यापूर्वींचा आहे. शेवटच्या तीन महिन्यांची ग्वाही त्यांत नाहीं. अर्जदार मध्यंतरीं एकदांहि घरीं आला नसला, तरी तो दाखला कसोटीस उतरत नाहीं. म्हणजे ज्या भेटीची धास्ती घेतली जाते ती निरुपद्रवी ठरते, आणि जिकडे कोणी लक्ष देत नाहीं ती तारीख अर्ज अडवून ठेवते.

अमेरिकेचें माप याहून वेगळें आहे. परदेशांतील अमेरिकन वकिलातींत ज्यांची मुलाखत होते, अशा स्थलांतराच्या व्हिसासाठीं पोलिसांचा दाखला सामान्यतः २ वर्षें ग्राह्य धरला जातो. यास एक अपवाद आहे. दाखला पूर्वीच्या वास्तव्याच्या देशाचा असेल, आणि तो दिल्यानंतर अर्जदार त्या देशांत परत गेला नसेल, तर दोन वर्षांची मर्यादा त्यास लागत नाहीं. येथें सहा महिन्यांचा हिशेब नसून ‘परत जाणें’ हीच कसोटी आहे. दुबईस दहा वर्षें नोकरी करून पुण्यास परतलेल्या गृहस्थानें तेथील दाखला घेतला व पुन्हां दुबईस पाऊल ठेवलें नाहीं, तर तो दाखला जुना होत नाहीं. पण जुन्या मित्रांना भेटण्यासाठीं तो आठवडाभर दुबईस जाऊन आला, तर अपवादाचा आधार सुटला. मग दोन वर्षांची मुदत मोजावी लागते. भेटीनें दाखला तात्काळ रद्द होतो असें मात्र नव्हे. अमेरिकेच्या बाबतींत घाई करणेंहि हितावह नाहीं. भावंडांच्या वर्गांतील भारतीय अर्जदारांना दहा वर्षांहून अधिक काळ वाट पाहावी लागते. पाळी जवळ येण्यापूर्वीं काढलेला स्वदेशाचा दाखला मुलाखतीपर्यंत टिकत नाहीं.

ऑस्ट्रेलियाची रीत त्या मानानें सरळ आहे. दाखला दिल्याच्या तारखेपासून १२ महिने तो व्हिसाच्या कामीं ग्राह्य असतो. मध्यंतरीं अर्जदार घरीं गेला किंवा न गेला, यावर ती मुदत अवलंबून नाहीं. दाखला कोणत्या देशांचा पाहिजे हें ठरवितांना मात्र भेटींचाहि विचार करावा लागतो. गेल्या १० वर्षांत, वयाच्या सोळाव्या वर्षानंतर, एखाद्या देशांत एकूण १२ महिने वा अधिक काळ घालविला असेल, तर तेथील दाखला लागतो. येथें ‘एकूण’ हा शब्द महत्त्वाचा आहे. कॅनडा सलग मुक्काम पाहतो, तर ऑस्ट्रेलिया तुकड्यातुकड्यांची बेरीज करतो. दरवर्षीं दीड महिना घरीं येणाऱ्याच्या भेटींची बेरीज दहा वर्षांत पंधरा महिन्यांवर जाते, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं.

या सर्व विवेचनाचें तात्पर्य असें कीं, तिकीट रद्द करण्यापूर्वीं किंवा नव्या दाखल्यासाठीं धांवपळ करण्यापूर्वीं तीन गोष्टी कागदावर मांडाव्या: दाखल्याची तारीख, त्या देशांतील खरें बिऱ्हाड उठल्याची तारीख, आणि त्यानंतरच्या प्रत्येक भेटीचे दिवस. पासपोर्टवरील आगमन-निर्गमनाचे शिक्के व प्रवासाचीं तिकिटें जपून ठेवल्यास हा हिशेब सुलभ होतो, आणि अधिकाऱ्यानें विचारल्यास पुरावाहि तयार असतो. मग ज्या देशाकडे अर्ज करावयाचा, त्याच देशाच्या अधिकृत सूचना अर्जाच्या वेळीं वाचून या तारखा त्यांच्याशीं ताडून पाहाव्या. मित्राचा अर्ज जुन्या दाखल्यावर मंजूर झाला, हें प्रमाण धरूं नये. त्याचा देश निराळा असेल, अथवा त्याच्या तारखा निराळ्या असतील. अर्जाची छाननी करणारा अधिकारी जरूर वाटल्यास नवा दाखला मागूं शकतो, हेंहि लक्षांत असावें. कॅनडाच्या ‘एक्सप्रेस एंट्री’ पद्धतींत निमंत्रण आल्यापासून पूर्ण अर्ज सादर करण्यास ६० दिवसच मिळतात; म्हणून हा हिशेब निमंत्रणाची वाट न पाहतां आधींच करून ठेवावा.

नियम कडक असले तरी आंधळे नसतात. पूर्वीच्या वास्तव्याची ग्वाही पुरी असावी, एवढाच त्यांचा हेतु असतो. मुलानें आईला भेटूं नये, असा नसतो. तारखा नीट मांडून ठेवणाऱ्या अर्जदारास घरची वाट आणि परदेशची वाट यांपैकीं एकच निवडावी लागण्याचा प्रसंग क्वचितच येतो.