नागरी हवामानधोरणांचे फलमापन : हिंदमाता परिसराचा दाखला

धोरण जाहीर होणे, त्यावर द्रव्य खर्च होणे आणि त्याचे इष्ट फळ मिळणे या तीन भिन्न गोष्टी होत. पहिल्या दोहोंची मोजदाद सुलभ असल्याने तिसरीचा विसर पडतो. मुंबईच्या उदाहरणाने हा भेद स्पष्ट होईल.

बृहन्मुंबई महानगरपालिकेने मार्च २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा प्रसिद्ध केला. सन २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन हे त्याचे उद्दिष्ट असून २०१९ मधील सुमारे २ कोटी ३४ लक्ष टन उत्सर्जन हा तुलनेचा पाया आहे. या उत्सर्जनात सर्वांत मोठा वाटा ऊर्जेचा आहे. शहर विभागास वीज पुरविणारा बेस्ट उपक्रम पालिकेचा असला, तरी ती वीज तो विकत घेतो. म्हणून उत्सर्जन घटल्यास त्याचे श्रेय पालिकेस किती व वीजनिर्मितीतील पालटास किती, हे निराळे काढावे लागते.

पूरनिवारणात मापनाची अडचण वेगळी आहे. दादर-परळमधील हिंदमाता परिसर बशीसारखा सखल आहे. मोठ्या भरतीत तेथील पाणी समुद्राकडे सहजी वाहून जात नाही. यास्तव प्रमोद महाजन कला उद्यान व परळचे सेंट झेवियर्स मैदान येथे भूमिगत साठवण टाक्या बांधण्यात आल्या. टाक्यांची क्षमता हे कार्याचे माप झाले, फळाचे नव्हे. फळाचे माप असे : तितक्याच तीव्रतेच्या पावसात व तितक्याच भरतीत रस्त्यावरील पाणी पूर्वीपेक्षा किती लवकर ओसरले? अन्यथा कमी पावसाच्या वर्षाचे पुण्य धोरणाच्या पदरी पडेल. शिवाय पर्जन्यमापक जवळचाच हवा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तर कुलाब्यास केवळ ७४ मिलिमीटरच्या आसपास.

मे २०२५ च्या अखेरीस मोसमी पाऊस नेहमीपेक्षा लवकर आला व हिंदमाता परिसरात पाणी साचले. तेव्हा हिंदमातासह चार ठिकाणच्या लघु उदंचन केंद्रांच्या चालकांना, यंत्रणा योग्य रीतीने न चालविल्याबद्दल, पालिकेने प्रत्येकी १० लक्ष रुपये दंड केला. यंत्रणा असणे व ती वेळेवर चालणे यांतील अंतर खर्चाच्या ताळेबंदात दिसत नाही.

अखेरचा प्रश्न फळाच्या वाटणीचा. सरासरीने पाणी लवकर ओसरले, तरी के. ई. एम. वा वाडिया रुग्णालयाकडे निघालेल्या रुग्णाची वाट मोकळी झाली काय? लालबागच्या चाळीतील तळमजल्याचे बिऱ्हाड कोरडे राहिले काय? एका वस्तीतील पाणी दुसरीकडे तर लोटले गेले नाही ना? हे निकष पावसाळ्यापूर्वी ठरविलेले असावेत. पाऊस सरल्यावर निवडलेला निकष बहुधा निवडणाऱ्याच्या सोयीचा असतो.