मेहरूणची बोरं, बार्सिलोनाचं झाड

बार्सिलोनात एखादा माणूस फार खुशीत दिसला की तिथली कातालान बोलणारी मंडळी म्हणतात, हा तर बोरापेक्षाही आनंदात आहे! संत्री, द्राक्षं, अंजिरं अशी फळांची एवढी चंगळ असलेल्या मुलखाला आनंदाची उपमा द्यायला बोर सापडावं, हे कळल्यावर आम्हा मेहरूणकरांची कॉलर ताठ होणारच.

कारण ‘मेहरूण’ हे जळगावातल्या एका भागाचं नाव तर आहेच, पण महाराष्ट्रातल्या बोराच्या एका नामांकित जातीचंही आहे. उमराण, कडाका यांच्या पंगतीत फळबागांच्या पुस्तकात मेहरूण मानानं बसतं. बार्सिलोनाचं बोर जातीनं थोडं वेगळं, आपल्या बोराचं चुलत भावंडच म्हणा. कूळ एकच.

तीन दिवस बार्सिलोना करून येणारे पुष्कळ भेटतात. जळगावात मात्र लोक अजिंठ्यासाठी उतरतात आणि स्टेशनबाहेरूनच गाडी पकडतात. अजिंठा पाहायलाच हवा, लेणी साठेक किलोमीटरवर आहेत. पण त्याआधी दोन दिवस आमच्याकडे काढा. हिवाळ्यात या. एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि भरदुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं.

पहाट तलावाची

सुरुवात मेहरूण तलावापासून. आज इथे लोक पहाटे फिरायला येतात, थंडीत पाहुणे पक्षी उतरतात आणि अनंत चतुर्दशीला सगळ्या जळगावचे गणपती इथेच निरोप घेतात. पण एकेकाळी शहर पाणी प्यायचं तेही याच तलावाचं. नळानं ते गावात नेलं जायचं. जळगाव मोठं झालं, पाण्याच्या योजना बदलल्या, आणि तलाव शहराचा घडा होता तो शहराचं अंगण झाला. सूर्य वर यायच्या आत काठावर पोचलात तर पाण्यावर तांबूस रंग पसरलेला दिसेल. तेवढ्यासाठी गजर लावून उठावं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

तिथून शिरसोली रस्त्यानं पुढे गेलं की जैन हिल्सवर गांधी तीर्थ. २०१२ साली राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी त्याचं उद्घाटन केलं. त्यांच्यासाठी ते माहेरी येणंच होतं: जन्म याच जिल्ह्यातला, शिक्षण जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयात, कॉलेजात टेबल टेनिसचं मैदान गाजवलेलं आणि १९६२ साली पहिली आमदारकीही जळगावचीच. आतल्या ‘खोज गांधीजी की’ या संग्रहालयाला निदान अर्धा दिवस द्या. मुलं कंटाळत नाहीत, पडद्याला बोट लावलं की इतिहास बोलू लागतो.

गांधीजींचं या जिल्ह्याशी नातं त्याहून जुनं. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन पहिल्यांदा शहर सोडून खेड्यात भरलं, ते इथल्या फैजपूरला. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. गांधीजींच्या सांगण्यावरून सजावट करायला शांतिनिकेतनहून चित्रकार नंदलाल बोस आले आणि त्यांनी बांबूसारख्या साध्यासुध्या गावच्या सामानातून अख्खी नगरी उभी केली.

कापसाचा झोका

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी पेटली आणि तिथला कापूस यायचा थांबला. बार्सिलोना तेव्हा स्पेनच्या सूतगिरण्यांचं शहर. तिथल्या गिरण्या कापसावाचून हवालदिल झाल्या. त्याच वर्षांत जळगावची कापसाची पेठ फुगत गेली, व्यापाऱ्यांचे हात आभाळाला पोचले. मग युद्ध संपलं, भाव धाडकन कोसळले आणि जळगावला मोठा फटका बसला. एकाच युद्धानं एका शहराची उपासमार केली आणि दुसऱ्याला आधी झोक्यावर बसवलं, मग खाली आपटलं.

शहर आपटून बसून राहिलं नाही. डाळ, चटई, पाइप, केळी आणि सोनं असे एकाला पाच आधार त्यानं उभे केले. संध्याकाळी सुभाष चौकाकडच्या सराफ बाजारात नुसती चक्कर मारा. लग्नसराईत बाहेरगावची वऱ्हाडं मुद्दाम इथे सोनं घ्यायला येतात. वाट चुकलीच तर मान वर करा. महापालिकेची इमारत लगेच दिसेल. तिला नाव आहे, पण रिक्षावाल्याला ‘सतरा मजली’ एवढं सांगितलं की पुरे.

वांग्याचा प्रवास

बार्सिलोनाच्या खाद्यभ्रमंतीत ‘एस्कालिवादा’ नावाचा पदार्थ हमखास असतो. वांगी आणि ढोबळ्या मिरच्या भाजायच्या, सालं काढायची, वरून ऑलिव्हचं तेल. ज्या क्रियापदावरून हे नाव आलं त्याचा अर्थच निखाऱ्यावर, राखेत भाजणं. म्हणजे भरीतच की! गंमत पुढे आहे. वांगं मूळचं आपल्याकडचं, अरबांबरोबर ते स्पेनला पोचलं. नावही सोबत गेलं: संस्कृतातून फारसीत, फारसीतून अरबीत आणि अरबीतून कातालानमध्ये ‘अल्बेरजिनिया’. भाषेचे अभ्यासक ही साखळी अशी जोडतात. वांगं इथून निघालं आणि हजारो मैलांवर जाऊन पुन्हा निखाऱ्यावरच बसलं.

आता खरं भरीत. आसोदा, बामणोद या गावांची वांगी हिरवी, पांढुरक्या झाकेची, हातभर नाही पण हात भरेल एवढी. शेतात पऱ्हाट्यांच्या जाळावर ती भाजतात, लाकडी बडगीत ठेचतात. मग हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. सोबत कळण्याची पुरी किंवा भाकरी. कळणा म्हणजे ज्वारी-उडदाचं दळण. हिवाळ्यात शेताशेतांवर भरिताच्या पार्ट्या रंगतात, आणि कुणी बोलावलं तर दुसरा कुठलाही बेत रद्द करून जावं. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच वर्षी जळगावच्या केळीलाही. (शेवभाजी आणि वरण-बट्टी दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवा, पोट एकच आहे.)

दोन कवी, एक रस्ता

इथे जरा थांबू या, कारण माझ्या मते जळगावचा सगळ्यात मोठा ठेवा हाच आहे.

१९०७ साली जळगावात कविसंमेलन भरलं. अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. पेशानं डॉक्टर, शिवाय औषधी वनस्पतींचे नावाजलेले अभ्यासक. धरणगावात जन्मलेला त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाचा सोळा-सतरा वर्षांचा पोरगा तिथे कविता म्हणायला उभा राहिला. ऐकून सभा थक्क झाली आणि त्या पोराला ‘बालकवी’ ही पदवी मिळाली, जी आज त्याच्या खऱ्या नावापेक्षा मोठी आहे.

त्याच वेळी, त्याच जळगावात, सत्तावीस वर्षांची एक बाई जात्यावर दळता दळता ओव्या रचत होती. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं आणि संमेलनात तिला कुणी बोलावलं नव्हतं. बहिणाबाई चौधरी. त्याच १९०७ मध्ये तिचा मुलगा सोपानदेव जन्मला. पुढे तो स्वतः कवी झाला आणि आईच्या ओव्या लिहून ठेवल्या गेल्या म्हणून त्या आपल्यापर्यंत आल्या. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या, पुस्तक १९५२ मध्ये आलं, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. आज इथल्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. खान्देशात सगळे अहिराणीच बोलतात असा बाहेर समज असतो. बहिणाबाईंची बोली मात्र लेवा गणबोली, ती ऐकायची तर त्यांच्या माहेरी, आसोद्याला जा.

आसोद्याच्या शेजारचं गाव भादली. ५ मे १९१८ रोजी तिथल्या स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडून बालकवी गेले. वय सत्तावीस. आठच वर्षांनी, १९२६ मध्ये, बार्सिलोनात आंतोनी गौदी या थोर वास्तुकाराला ट्रामनं उडवलं. कपडे इतके साधे की लोकांना तो भिकारी वाटला. त्याचं ‘साग्रादा फामिलिया’ हे चर्च पाहायला आज जग लोटतं. १८८२ मध्ये त्याची पायाभरणी झाली, बहिणाबाई तेव्हा आसोद्यात दीडेक वर्षाच्या होत्या. भादलीच्या स्टेशनावर फारसं कुणी उतरत नाही. तुम्ही उतरा. पाच मिनिटं फलाटावर उभे राहा, बालकवींची पाठ असलेली एखादी कविता मनात म्हणा, आणि मग पुढची गाडी पकडा.

वेळ उरलाच तर एरंडोलजवळचं पद्मालय गाठा. एकाच गाभाऱ्यात दोन गणपती, एक डाव्या सोंडेचा, एक उजव्या. समोर कमळांचं तळं, भोवती झाडी.

पुन्हा बोराकडे

बार्सिलोनाच्या अरिमोन नावाच्या रस्त्यावर बोराचं एक झाड आहे, दोनशेहून अधिक वर्षांचं. तिथे इमारत उठणार होती. शेजारचे लोक एकत्र आले, त्यांनी आवाज उठवला आणि झाड वाचलं. आता त्या शहरातली ती एक पाहण्याजोगी जागा आहे, एका बोरीच्या झाडाची!

मेहरूणमध्ये बोरींच्या बागा होत्या तिथे प्लॉट पडले, घरं उठली. झाडं थोडी राहिली, पण आहेत. डिसेंबर लागला की त्यांची बोरं टोपलीत येतात आणि संक्रांतीनंतर बोरन्हाणाला लहानग्यांच्या डोक्यावरून ओघळतात. आमच्या कोपऱ्यावरच्या मावशी माप भरून झालं की वर आणखी एक मूठ टाकतात. ‘मेहरूणचीच ना?’ असं विचारलं की त्या मान वर करतात आणि तलावाच्या दिशेला हात दाखवतात.