विरत जाणारा स्वर

तानपुऱ्याची तार छेडली की बोट लगेच उचलावं लागतं. स्वर आवडला म्हणून बोट तारेवर टेकवून ठेवलं, तर आवाज तिथंच बसतो. बोट सुटल्यावर स्वर विरू लागतो, आणि ऐकण्यासारखं सगळं त्या विरण्यात असतं.

घोडीचा माथा किंचित उतरता घासून जवारी काढतात आणि तारेखाली सुताचा बारीक धागा सरकवतात. कंप पावणारी तार घोडीला अलगद स्पर्श करत राहते आणि मूळ स्वरातून वरचे स्वर उमलतात. खर्ज नीट लागला असेल, तर कुणीच न छेडलेला गंधार ऐकू येतो. लक्ष द्यायला जावं तोवर तो गेलेला असतो.

ही करामत मिरजेच्या कारागिरांची. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांपैकी फरीदसाहेब एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांकडे वळले, आणि गल्लीच्या गल्ली त्या धंद्यात शिरली. पंढरपूरच्या बाजूचे मोठाले भोपळे अजून तिथं वाळत पडलेले दिसतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ याच मिरजेत राहिले. दर्ग्यात उरुसाला ते गात. १९३७ मध्ये ते गेले, पण उरुसातली गायनसेवा थांबली नाही.

पश्चिमेत असं मागं दरवळत राहणारं संगीत ब्रायन ईनोनं १९७८ मध्ये 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स' या नावानं केलं. कमीजास्त लांबीच्या ध्वनिफिती गोल जोडून त्यानं त्या एकत्र फिरवल्या. त्यामुळे स्वरांची तीच गाठभेट सहसा पुन्हा होत नाही. लक्ष दिलं तर रस मिळावा, नाही दिलं तरी चालावं, ही त्याची अट. आमच्या इमारतीच्या लिफ्टमधली धून या अटीत बसत नाही, हे नमूद करतो!

माझी पत्नी गेली त्या वर्षी वाशीच्या घरात संध्याकाळ अंगावर यायची. मोबाइलमध्ये तिचा एक निरोप राहिला होता. येताना कोथिंबीर आणा, एवढाच. तो मी दिवसातून दहादा ऐकायचो. मुलीनं त्याच मोबाइलवर तानपुरा टाकून दिला. मगरिबची नमाज झाली की मंद आवाजात लावून बसायचो. पंचम कुठं संपतो, जोडीच्या तारा कुठं एकमेकींत मिसळतात, खर्ज किती लांब जातो, एवढंच बघायचं. गाण्यातलं मला काही कळत नाही, पण एकेका स्वराला शेवटपर्यंत पोचवून येण्याचा नाद लागला. मग तिची आठवणही तशीच येऊ लागली. सुंठ घातलेला चहा, चहा गाळताना बांगड्यांचा आवाज. पूर्ण यायची, थोडी थांबायची, जायची. मी मागं धावत नसे.

मोबाइलमधला तानपुरा थकत नाही, हे मला थोडं खटकतं. खऱ्याला हवा लागते, पावसाळ्यात तो रुसतो, मणी सरकवून पुन्हा सुरात आणावा लागतो. तुमच्या ओळखीत कुणी गाणारं असेल, तर रियाजाच्या आधी दहा मिनिटं त्यांच्याकडे जाऊन बसा. गाणं सुरू होण्याआधीचीच दहा मिनिटं.

कोथिंबिरीचा निरोप अजून आहे. ईदच्या सकाळी एकदा ऐकतो.